बारागाड्यांचा ढिला दोर

"बारागाड्या देवी ओढत नाही, माझा बाप ओढतो," असं मी पंधराव्या वर्षी आमच्या ओट्यावर चार माणसांसमोर बोलले, आणि त्याच बापानं माझ्या कानाखाली वाजवली. गाल दोन दिवस सुजला होता. आता माझे केस पांढरे झाले, दात गेले, पण ते वाक्य मी मागं घेतलेलं नाही. घेणारही नाही.

बारागाड्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना आधी सांगते. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, गावोगावी मरीआईची जत्रा भरते. बैल सोडलेल्या बारा बैलगाड्या एकामागं एक बांधतात. त्यांत पोरंसोरं, बाया, म्हातारे, जो तो चढून बसतो. पहिल्या गाडीचा दोर एक माणूस कमरेला लावतो आणि त्या बाराच्या बारा गाड्या ओढत देवळापर्यंत नेतो. त्याला भगत म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांना दोघं जण दोराला हात लावून धावतात, ते बगले. भगतानं आठवडाभर उपास करायचा, अंगाला हळद फासायची, गाड्यांना पाच फेऱ्या घालायच्या आणि मग ओढायचं. गाड्या चालल्या की देवी प्रसन्न. नाही चालल्या तर गावात कोणीतरी पाप केलंय असं ठरतं, आणि मग ते कोणी केलं त्याचा शोध सुरू होतो. तो शोध पुरुषाच्या दारात थांबलेला मी तरी कधी पाहिला नाही.

आमचं गाव पारोळ्याच्या पुढं, धुळ्याच्या अंगाला. तिथले भगत माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. काटक, उंच, कपाशीच्या शेतात राबून रापलेला माणूस, आणि बोलायला महाकंजूस. आई मी चार वर्षांची असताना गेली. मला वाढवलं माझ्या काकूनं. काकू म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची बायको. काका विहीर खोदताना दरड कोसळून गेले तेव्हा ती बावीस वर्षांची होती. माझ्या वेण्या घालणारी, मला भाकरी थापायला शिकवणारी, माझ्यावर खेकसणारी आणि मागून पदराआड हसणारी बाई.

मी ते वाक्य बोलले तेव्हा स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. त्याआधीच्या आखाजीला आबांच्या गाड्या पहिल्यांदाच अडल्या. मी तिथंच होते, सगळं डोळ्यांनी पाहिलं. जत्रेचा कारभार बघणारे आमच्या गावचे एक वजनदार गृहस्थ होते, त्यांना सगळे नाना म्हणत. त्या वर्षी तालुक्याहून कोणी बडा पाहुणा येणार होता, म्हणून नानांना हौस आली. पाहुण्याच्या पांढऱ्या कपड्यांवर धूळ उडू नये म्हणून त्यांनी सकाळपासून पखालींनी रस्ता भिजवला. आता रस्ता कसला, तर काळ्या मातीचा! काळ्या मातीत पाणी ओतलं की काय होतं हे आमच्याकडं रांगतं पोरही सांगेल, पण नानांना कोण सांगणार? वर पुन्हा जुने दोर काढून त्यांनी नव्याकोऱ्या लोखंडी साखळ्या आणवल्या आणि गाड्या एकमेकींना अशा आवळून बांधल्या की बारा गाड्या मिळून एक लांबलचक गाडी झाली. "कश्या एक लाइनमा दिसतीस!" म्हणून मिशीला पीळ भरला.

मग आबांनी ओढलं. गाड्या हलल्या नाहीत. पुन्हा ओढलं, बगल्यांनी जोर लावला, आबांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. तिसऱ्यांदा ओढताना त्यांचा पाय घसरला आणि ते तोंडावर चिखलात पडले. माझा बाप, हळद लावलेला, सगळ्या गावासमोर, तोंडात चिखलाचा गारा. पाहुणे चहा पिऊन निघून गेले.

त्या गर्दीत कोणाला तरी आठवलं की आबा ओढत असताना आमच्या घराच्या दारात काकू उभी होती. झालं! नाना म्हणाले, "भगतना घरनीच रांडमुंड बाई दारमा उभी, गाड्या कश्या हालतीन?" पाणी कोणी ओतलं, साखळ्या कोणी आवळल्या, हे एकालाही आठवलं नाही. काकू मात्र सगळ्यांना आठवली.

पुढचं वर्ष तिचं कसं गेलं ते मला सुट्ट्यांत दिसायचं. विहिरीवर ती गेली की बाया घागरी उचलून बाजूला होत. कापूस वेचायला तिला कोणी हाक मारेना. लग्नाच्या घरून आम्हाला बोलावणं यायचं ते 'आबांना आणि पोरीला' असं मोजून यायचं. आणि आखाजी जवळ आली तसा नानांनी निकालच दिला. जत्रेच्या आधी काकूनं माहेरी पिंपळनेरला जायचं. तिच्यावाचून गाड्या चालल्या तर दोष तिचाच होता हे सिद्ध झालं, मग तिनं परत यायचं नाही. माहेरी तिचा एक भाऊ, त्याची पाच पोरं आणि दोन खोल्या. तिथं ती आयुष्यभर फुकटची मोलकरीण म्हणून राहणार हे ती जाणून होती, आबाही जाणून होते.

मी तेव्हा भुसावळला मामाकडं राहून शाळेत जात होते. मामा रेल्वेत, यार्डात डबे जोडायच्या-सोडायच्या कामावर. त्या हिवाळ्यात शाळेत गतीचे नियम शिकवले. पडलेली वस्तू पडूनच राहू पाहते, चालती वस्तू चालतच राहू पाहते, तिला हलवायला नाहीतर थांबवायला बाहेरून बल लागतं. गुरुजींनी उदाहरण विचारलं. कोणी चेंडू म्हणालं, कोणी गोटी म्हणालं. मी उभी राहून "बारागाड्या" म्हणाले, तर सगळा वर्ग खो खो हसला आणि गुरुजी म्हणाले, "ए गावठी, बस खाली." बसले मी. पण डोक्यातल्या गाड्या काही बसल्या नाहीत.

घरी येऊन मामाला विचारलं, "मामा, बारा गाड्या एकदम जड का लागतात, आणि कधी कधी हलक्या का लागतात?" मामा विड्या ओढणारा, थोडा खोडकर माणूस. म्हणाला, "चल, दाखवतो." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं मला यार्डाच्या कुंपणापाशी नेलं. भली लांब मालगाडी उभी होती. इंजिन लागलं, शिटी झाली, आणि गाडी पुढं जायच्या ऐवजी मागं सरकली.

"हे उलटंच चाललंय की!" मी म्हणाले.

"थांब ना जरा. आधी मागं रेटून कड्या ढिल्या करतो तो. सगळे डबे एकदम उचलायला गेला तर इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसंल. आता ऐक."

इंजिन पुढं निघालं आणि गाडीभर आवाज पळत गेला, खड्, खड्, खड्, खड्, पार शेवटपर्यंत. एक डबा हलला, त्यानं दुसऱ्याला हिसका दिला, दोघांनी मिळून तिसऱ्याला. चालत्या वस्तूला चालायचंच असतं, ती थांबलेलीलाही ओढून घेते. मला आमच्या गावच्या जुन्या दोरांचे झोळ डोळ्यांसमोर दिसायला लागले.

मामाच्या विड्यांच्या रिकाम्या काडेपेट्या मी जमवल्या. बारा जमवायला फार दिवस लागले नाहीत, मामाची कृपा. प्रत्येकीत वाळू भरली, दोऱ्यानं एकमेकींना बांधल्या आणि ओट्याच्या फरशीवर ठेवल्या. पहिलीचा दोरा ओट्याच्या कडेवरून खाली सोडून त्याला वाटी लटकवली आणि वाटीत सरकीचं एकेक बी टाकत गेले. दोरे ताणून बांधले तेव्हा वाटी भरत आली तरी पेट्या ढिम्म. दोरे ढिले ठेवले तेव्हा त्याहून मूठभर कमी सरकीत पेट्या निघाल्या, एकीमागं एक. फरक फार मोठा नव्हता, खोटं कशाला सांगू? पण होता. दहादा केलं, दहाही वेळा होता. मामी ओरडली, "अगं, ती सरकी म्हशीची आहे!"

परीक्षा झाली आणि मी गावाला आले, ती डोक्यात वारं भरूनच. ओट्यावर नाना आणि आणखी दोघं बसले होते. काकूला पिंपळनेरला कधी धाडायचं, कुठल्या एसटीनं धाडायचं, हे ठरत होतं. काकू आत दाराआड बसून ऐकत होती, आबा खाली मान घालून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हाच ते सुरुवातीचं वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि गालावर बोटं उमटली. नाना म्हणाले, "आजून शिकाडा पोरीले." आणि धोतर झटकून निघून गेले.

आतल्या खोलीत काकू माझ्या गालाला हळद लावत होती. कोपऱ्यात तिचं बोचकं बांधून तयार होतं, दोन लुगडी आणि काकांचा एक सदरा. मी रडत रडत तिला सगळं सांगितलं, मालगाडी, काडेपेट्या, सरकी. आणि मोठ्या शहाणपणानं म्हणाले, "तू काळजी करू नको. तू जा पिंपळनेरला. मी आबांना दोर ढिले बांधायला लावते. गाड्या चालतील, आबांचं नाव राहील."

काकूचा हात थांबला. "आन् मी?"

"तू काय?"

"आवं, मी गावमा नही, आन् गाड्या चालन्या. मंग बठ्ठा लोके काय म्हनतीन? पाप मनंच व्हतं म्हनतीन ना?"

हिवाळाभर नियम घोकले, पेट्या दहादा ओढून पाहिल्या, आणि एवढं साधं मला सुचलं नाही! दोरही बदलला आणि काकूही काढली, तर गाड्या कशामुळं चालल्या हे कोण सांगणार? लोकांना हवं तेच लोक म्हणणार. मी माझ्याच हातानं तिला कायमची घालवायला निघाले होते. तिसरी शिकलेल्या माझ्या काकूनं ते एका दमात पाहिलं.

"मी कोठेच जात नही," ती म्हणाली. "गाड्या चालोत नाहीतं मोडोत, मी आठेच ऱ्हासू. बठ्ठासना डोयासमोर ऱ्हासू." तिनं बोचक्याची गाठ सोडली आणि लुगडी पुन्हा दांडीवर टाकली. मग माझ्या दुसऱ्या गालावर एक टिचकी मारली आणि म्हणाली, "शायमा हेच शिकाडतस का तुले?"

आबांना सांगणं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी मी सोबत आणलेल्या पेट्या त्यांच्यासमोर मांडल्या. त्यांनी सगळं नीट पाहिलं, एकदा ताणलेले, एकदा ढिले. शेवटी म्हणाले, "पेट्या म्हंजे गाड्या नहीत." आणि उठून गेले. राग आला, पण मुद्दा खरा होता.

त्याच दुपारी, सगळं गाव उन्हानं घरात पडलेलं असताना, त्यांनी मला खळ्यात बोलावलं. तीन गाड्या एकामागं एक उभ्या करून ठेवल्या होत्या, तिन्हींत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. आधी त्यांनी दोर ताणून बांधले आणि कमरेला लावून ओढलं. गाड्या चालल्या, पण पहिल्या हिसक्याला आबा कण्हले. मग प्रत्येक दोर हातभर ढिला केला आणि पुन्हा ओढलं. खड्. खड्. खड्. दहा पावलं जाऊन ते थांबले, कमरेवर हात ठेवून तसेच उभे राहिले. पुन्हा ताणून ओढलं, पुन्हा ढिलं करून ओढलं. घाम निथळत होता. मी मध्ये एक शब्द बोलले नाही, माझ्या आयुष्यात असे प्रसंग कमी.

शेवटी ते गाडीच्या सावलीत बसले. म्हणाले, "तो म्हातारा सुतार व्हता ना, मागला सालना आधी गया तो. गाड्या तोच बांधे. दर दोर हातभर सैल सोडे. मी त्याले आयशी म्हनू."

"आळशी नव्हता तो, आबा."

"मंग इतला वरीस गाड्या देवीनी वढ्या का सुतारनी?"

मी म्हणाले, "कंबर तुमचीच होती, आबा." त्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं, सुजलेल्या गालाकडं पाहिलं आणि चटकन नजर वळवली. माफी मागणं त्या पिढीतल्या बापांना येत नसे. मीही मागायला लावली नाही, पण विसरलेही नाही.

संध्याकाळी ते स्वतः नानांकडं गेले. मी मागून गेले, मला कोणी बोलावलं नव्हतं. आबा उभ्यानंच म्हणाले, "नाना, यंदा दोर. साखळ्या नहीत. रस्ताले पानी नही. आन् मनी भावजायी पह्यली गाडीमा बसी."

नाना हसले. मग त्यांना कळलं की हा थट्टा करत नाही. "येडा झाया का, भगत? आन् गाड्या अडकन्या तं?"

"अडकन्या तं मी भी तिना संगे पिंपळनेर जासू. घर, वावर बठ्ठं सोडीसन."

मी दचकले. हे खळ्यात ठरलं नव्हतं. नाना म्हणाले, "ठीक शे. बठ्ठा गावले सांगस मी." आणि सांगितलं. दोन दिवसांत आजूबाजूच्या गावांतही ही बातमी पोचली. लोक गाड्या बघायला येणार नव्हते, आमची फजिती बघायला येणार होते.

जत्रेच्या दिवशी ऊन असं की पायाखालचा फुफाटा भाजत होता. दोर आबांनी स्वतः बांधले, मी प्रत्येक गाठीपाशी उभी राहून झोळ मोजला. मग काकू आली. साधं लुगडं, मोकळं कपाळ, ताठ मान. गर्दी दुभंगली, बायांनी पदर तोंडाला लावले. ती पहिल्या गाडीत चढली आणि आबांच्या पाठीकडं तोंड करून बसली. तिच्या गाडीत दुसरं कोणी चढेना. मग मीच चढले आणि तिला खेटून बसले. तिनं माझा हात धरला.

मागच्या अकरा गाड्यांत मात्र हा लोंढा चढला. ढकलाढकली, आरडाओरडा, गाड्या गदागदा हलल्या. रस्ता तिथं किंचित मागं उतरता. मी वळून पाहिलं. लोक चढतानाच्या धक्क्यांनी गाड्या मागं सरकल्या होत्या. सगळे झोळ ओढले जाऊन दोर तट्ट ताणले होते. मी ओरडले, पण ढोल-ताशांत माझा आवाज कोणाला ऐकू येतो? आबांच्या फेऱ्या झाल्या, जयजयकार झाला, त्यांनी दोर कमरेला लावला आणि ओढलं.

गाड्या हलल्या नाहीत.

ढोल थांबले. सगळं गाव काकूकडं बघत होतं. मागून एक बाई स्पष्ट म्हणाली, "देखं ना?" काकूनं मान खाली घातली नाही. तिनं माझा हात मात्र असा दाबला की बांगडी रुतली. मी गाडीच्या कडेला वाकून जिवाच्या आकांतानं ओरडले, "आबा, मागं! आधी मागं रेटा! दोर ताणलेत!"

आबांनी मान वळवून दोरांकडं पाहिलं. मग कमरेचा दोर सैल केला, मागं फिरले आणि आमच्या गाडीला खांदा लावला. बगले घाबरले. भगतानं देवीकडं पाठ करायची आणि मागं जायचं, हे कोणी कधी पाहिलं नव्हतं. "अपशकुन!" कोणीतरी ओरडलं. आबा बगल्यांवर खेकसले, "लावा खांदा!" तिघांनी रेटलं. आमची गाडी मागच्या गाडीच्या दांडीवर आदळली, ती तिच्या मागच्या गाडीवर, करत करत पाच-सहा गाड्या हात हातभर मागं सरकल्या. दोर खाली लोंबले. तेवढं पुरे होतं.

आबा पळत पुढं आले, दोर कमरेला लावला आणि दातओठ खाऊन एकच हिसका दिला. आमची गाडी निघाली. खड्! दुसरी निघाली. खड्! मी मोठ्यानं मोजत होते, तीन, चार, पाच, सहा, मला कसली लाज! सातव्याला गाडी क्षणभर अडखळली, आबा वाकले, त्यांचे पाय मातीत रुतले, आणि सहा चालत्या गाड्यांनी मिळून सातवीला ओढून काढलं. मग आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. एकदा चालायला लागल्यावर त्या थांबेनात. आबा पुढं धावायला लागले, बगले धावायला लागले, धुळीचा लोट उठला, ढोल पुन्हा सुरू झाले. काकू हसत होती आणि रडत होती आणि धुळीनं तिचं तोंड पिठासारखं पांढरं झालं होतं.

गाड्या देवळाशी थांबल्या. लोकांनी आबांना उचलून घेतलं. आणि मग मी जे ऐकलं त्यानं माझं डोकंच फिरलं. लोक म्हणत होते, "देवीनी तिले माफ करं. मोठी दयायू शे माय." जो तो तेच. वर्षभर विहिरीवरून घागरी उचलणाऱ्या बाया हात जोडून काकूकडं बघत होत्या, जणू देवीनं तिच्यावर उपकार केले. पाणी, साखळ्या, दोर, हे सगळं कुठल्या कुठं गेलं. पाप तिचंच राहिलं, फक्त धुतलं गेलं.

नाना नारळ घेऊन पुढं आले. चेहऱ्यावर मोठेपणा. काकूच्या हातात नारळ देत म्हणाले, "घे बाई. माफीना नारळ फोड देवीम्होरे, आन् जाय घर. सुटनी तू."

काकूनं नारळ घेतला नाही. हात पाठीमागं नेले. "माफी कसानी, नाना?"

"आवं, फोड. वाद नको करू."

"मी काय करं व्हतं ते सांगा ना बठ्ठासले. दारमा उभी व्हती, इतलंच ना? मना घरना दारमा." तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. "माफीना नारळ मी फोडाव नही. मांगे धाडा माले पिंपळनेर, तरी फोडाव नही."

नानांचा चेहरा काळवंडला. ते आबांकडं वळले. "भगत, सांग तिले. बठ्ठं चांगलं व्हयनं, आते इस्कोट नको."

आबांच्या कमरेवर दोरानं कातडं सोललं होतं, हळदीत रक्त मिसळलेलं. लोकांच्या खांद्यांवरून ते खाली उतरले. मला वाटलं, आता हे काकूला सांगणार, फोड बाई, मिटव. माझे डोळे त्यांच्यावर होते आणि पोटात राग होता. त्यांनी नानांच्या हातून नारळ घेतला.

"मागला सालले गाड्या साखळीनी अडकन्या व्हत्यात," ते म्हणाले. "चाकं गारामा रुतना व्हतात. भगत मी. वढाना आधी गाठी देखनं मनं काम. मी देखं नही. वरीसभर बोल हिनी खादा, आन् मी तोंड उघाडं नही. माफी मीच मागाले पाहिजे."

"देवीसमोर असं बोलशी, तं पुढला सालले..." नाना अडखळले.

"पुढला सालले दुसरा भगत देखा."

आबा देवळाच्या पायरीशी बसले आणि दगडावर नारळ आपटला. फुटला नाही. दुसऱ्यांदा आपटला. तिसऱ्यांदा फुटला, पाणी त्यांच्या पायावरून वाहिलं. त्यांनी खोबऱ्याचा मोठा तुकडा काढला आणि उठून आधी काकूपुढं धरला, देवीच्याही आधी, साऱ्या गावासमोर. वर्षभर तिच्या हातावर कोणी प्रसाद ठेवला नव्हता.

काकूनं तो घेतला, आणि तिथंच उभ्यानं, नानांकडं बघत, कराकरा चावून खाल्ला.